एक पडतो, मग नाव का उलटते?

धरणावर फिरायला गेलेल्या मंडळींपैकी एक जण नावेतून पाण्यात पडतो. बाकीचे नावेतच असतात, कोरडे ठणठणीत. त्यातल्या दोघांना पोहताही येत असतं. दुसऱ्या दिवशी पेपरात मात्र चार-पाच जण बुडाल्याची बातमी येते. पाण्यात पडला एक, मग बाकीचे गेले कसे?

हा प्रश्न आपल्याला समुद्राकाठच्यांचा वाटतो. पण विदर्भात समुद्र नसला तरी धरणं, तलाव आणि नदीचे डोह कमी नाहीत. कळमेश्वरकरांना तर त्याची आठवण करून द्यायची गरज नाही. ९ जुलै २०१७, रविवार. नागपूरहून आलेली तरुण मुलं नागपूर-अमरावती रस्त्याजवळच्या वेणा जलाशयात नावेने गेली. नावाडी धरून नावेत अकरा जण होते. मोबाइलवरून थेट चित्रीकरण चालू होतं, ते पुढे देशभर पाहिलं गेलं. नाव उलटली आणि त्यातले बहुतेक जण बुडाले. पुढच्याच जानेवारीत, १३ तारखेला, डहाणूच्या समुद्रात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची नाव उलटली आणि तीन मुली गेल्या. सेल्फीसाठी मुलं एका बाजूला गोळा झाली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं.

अशा प्रत्येक घटनेनंतर आपण सेल्फीला शिव्या घालून मोकळे होतो. सेल्फी हे निमित्त असतं. नाव उलटते ती वजन एका कडेला गेल्यामुळे. आणि ते वजन फोटोसाठी गेलं की पडलेल्या मित्राला हात द्यायला गेलं, याच्याशी नावेला काही देणंघेणं नसतं. म्हणून लहान नावेत ‘माणूस पडणं’ आणि ‘नाव उलटणं’ हे दोन वेगळे अपघात समजू नयेत. पहिला झाला की दुसरा होऊ न देणं, हीच निम्मी सुटका असते.

परातीतला तांब्या

घरी मोठ्या टबात पाणी घ्या, त्यात परात तरंगत सोडा आणि परातीच्या मधोमध भरलेला तांब्या ठेवा. परात थोडी खाली बसेल, पण तरंगेल. आता तांब्या बोटाने हळूहळू कडेला सरकवा. एका ठिकाणापर्यंत परात नुसती कलते. त्यापुढे अर्धा इंच सरकवला की कडेवरून पाणी आत येतं, आणि मग तुम्ही तांब्या मागे ओढेपर्यंत परात तळाशी गेलेली असते. कारण आत आलेलं पाणी जागेवर थांबत नाही, ज्या बाजूला कल आहे तिकडेच धावतं आणि कल आणखी वाढवतं.

आता हाच हिशोब खऱ्या नावेचा करू. पाच मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असा एक डोंगा धरा. दोन्ही टोकं निमुळती असल्याने तो पाण्यावर साधारण चार चौरस मीटर जागा व्यापतो. असा डोंगा एक सेंटिमीटर खाली जायला ४० किलो वजन पुरतं. साठ किलोचा माणूस बसला की तो दीड सेंटिमीटर बसतो; अकरा माणसं बसली की साडेसोळा सेंटिमीटर. म्हणजे काठ पाण्याच्या तेवढाच जवळ आला. त्यात नाव फक्त दहा अंश कलली, तरी खालच्या बाजूचा काठ आणखी अकरा सेंटिमीटर खाली जातो. नावेत किती माणसं मावतात ते इथे बिनमहत्त्वाचं आहे, बघायचं ते काठ आणि पाणी यांत किती बोटं अंतर उरलं.

उभं राहिल्याने वजन वाढत नाही, पण ते वर जातं. बसलेल्या माणसाचा भार नावेच्या तळाजवळ असतो, उभ्या माणसाचा काठाच्याही वर. कललेल्या नावेत उंचावरचा भार लगेच कडेकडे जातो, आणि नाव सावरण्याऐवजी आणखी कलते. जुने नावाडी सवारीला फळीवर न बसवता बुडाशी बसवतात, ते यासाठी.

पहिला शब्द: बसा

माणूस पडतो त्या क्षणी नावेचं काय होतं ते बघा. उजव्या काठावरून साठ-सत्तर किलो एकदम कमी झाले, म्हणून नाव झटक्याने डावीकडे झुकते. बसलेले घाबरून उठतात. पुढच्या सेकंदाला सगळ्यांना मित्र उजवीकडे पाण्यात दिसतो आणि सगळे तिकडे झेपावतात. नाव आता त्याच बाजूला परत येत असते, आणि येतानाच तिला तीन-चार माणसांचं वजन मिळतं. त्याच वेळी पाण्यातला माणूस तोच काठ धरून लोंबकळतो. एवढ्यानंतर ती नाव सरळ राहिली, तर आश्चर्य म्हणायचं.

म्हणून नावाड्याने पहिली हाक द्यायची ती पडलेल्याला नव्हे, नावेतल्यांना. ‘माणूस पडला, उजवीकडे! खाली बसा जी, कोणी उठू नका!’ ही हाक सवारी चढतानाच सांगून ठेवलेली असेल तर उत्तम. ऐन वेळी घाबरलेला माणूस नवं काही शिकत नाही, आधी ऐकलेलं फार तर आठवतो.

दुसरी गोष्ट, कोणीही उडी मारायची नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही नाही. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला ओळखत नाही. त्याला हाताला लागेल त्यावर चढून तोंड वर काढायचं असतं. धरणाच्या पाण्यात तळाला झाडांची खोडं, गाळ आणि पसरलेली जाळी असतात, ती वेगळीच. शिवाय उडीच्या धक्क्याने नाव पुन्हा हलते. आधी वल्हं किंवा बांबू पुढे करायचा, तो पोचत नसेल तर तरंगणारी वस्तू किंवा दोर फेकायचा, आणि मग नाव न्यायची. पाण्यात उतरणं हा या यादीतला उपाय नाही.

कॅन कशाला पुरतो

फेकायचं काय? जे तरंगतं ते. रिकामा, झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा कॅन ही आपल्याकडची सर्वांत स्वस्त आणि भरवशाची वस्तू आहे. माणसाचं शरीर पाण्यापेक्षा फारसं जड नसतं. छाती भरून श्वास घेतलेला माणूस बहुधा तरंगतोच, श्वास सोडला की हळूहळू खाली जातो. अडचण डोक्याची असते. ते चार-पाच किलोचं, आणि नाकातोंडासह ते पाण्याबाहेर ठेवायचं तर तेवढाच आधार कुठून तरी मिळायला हवा. पाच लिटरचा बंद कॅन साधारण पाच किलोचा आधार देतो. वीस लिटरच्या कॅनला दोघे-तिघे सहज धरून राहू शकतात.

लाइफ जॅकेटचाही हिशोब हाच. त्यावर ‘१०० न्यूटन’ असं काही लिहिलेलं असतं. दहा न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा उचल, तेव्हा शंभरचं जॅकेट दहा किलो उचलतं. डोक्याला ते भरपूर झालं. पण पट्टे बांधलेले नसतील तर जॅकेट एकटंच वर येतं आणि माणूस त्यातून खाली सटकतो. बांधल्यावर कोणाला तरी जॅकेटचे खांदे धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ढिलं आहे. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घालणं म्हणजे न घालण्यासारखंच. आणि नावेच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली जॅकेटं तपासणीच्या कामाची, बुडणाऱ्याच्या नव्हे. पाण्यात पडल्यावर जॅकेट अंगात चढवून बघा एकदा, विहिरीत, दोर बांधून. मग पटेल.

बुडणारा ओरडत नाही

सिनेमातला बुडणारा हात हलवतो आणि ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. खरा बुडणारा बहुतेक वेळा गप्प असतो. फ्रान्सेस्को पिया या अमेरिकी जीवरक्षकाने प्रत्यक्ष बुडणाऱ्यांची चित्रीकरणं अभ्यासून हे दाखवून दिलं. तोंड पाण्याच्या पातळीशी खालीवर होत असतं. वर येतं तेवढ्या क्षणात श्वास सोडून नवा घ्यायचा असतो, ओरडायला हवा उरत नाही. हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हलवून खूणही करता येत नाही. मान मागे, शरीर उभं, पाय जवळपास स्थिर. ही अवस्था २० ते ६० सेकंद टिकते, मग माणूस खाली जातो.

ओरडणारा आणि हात हलवणारा माणूसही संकटातच असतो, पण त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. दोघे पडले असतील तर आधी गप्प असलेल्याकडे जा.

स्वतः पडलात तर काय? हात वर करू नका. एक हात तीन किलोच्या आसपास असतो. तो पाण्याबाहेर काढला की तेवढंच वजन तुम्हाला खाली दाबतं. हात पाण्यातच ठेवायचे, मान मागे टाकून तोंड आकाशाकडे करायचं, छातीत हवा धरून छोटे श्वास घ्यायचे. कपडे काढायच्या खटपटीत पडू नका. ओले कपडे पाण्यात असेपर्यंत जड नसतात, कारण त्यांत भरलेल्या पाण्याला पाण्यात वजन नाही. ते जड होतात पाण्याबाहेर येताना.

बोट त्याच्यावरून हलवू नका

इंजिनाची नाव ताशी दहा किलोमीटरनेही चालली, तरी सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे जाते. अर्ध्या मिनिटात पडलेला माणूस ऐंशी मीटर मागे राहतो. पाण्यावर रस्त्यासारखं झाड नाही, खांब नाही. नावेत बसलेल्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच, आणि शोधायचं ते एक ओलं काळं डोकं, तेही प्रत्येक लाटेमागे लपणारं. म्हणून नावेतल्या एकाला एकच काम द्यायचं: हात लांब करून पडलेल्याकडे बोट रोखायचं आणि नजर हलवायची नाही. नाव वळली की बोटही वळेल. त्याने दोर शोधायचा नाही, फोन लावायचा नाही. फोन दुसऱ्याने लावावा, ११२ किंवा १०८ वर.

इंजिन चालू असेल तर आणखी एक धोका पंख्याचा. पडला त्याच बाजूला नाव वळवायची, असा दर्यावर्दी लोकांचा नियम आहे. तो उलटा वाटतो, आपण त्याच्यावर जाऊ असं वाटतं. पण गाडी पुढच्या चाकांनी वळते, नाव मागून वळते. तोंड उजवीकडे न्यायचं तर तिचं बूड डावीकडे फेकलं जातं. उजवीकडे पडलेल्यापासून बूड, आणि बुडाशी असलेला पंखा, दूर जातो. लगेच इंजिन न्यूट्रलला घ्यायचं. मग हळू वळसा घालून परत यायचं.

परतताना वारा बघा. वारा पाण्यावर उंच असलेल्या नावेला ढकलतो, पाण्यात बुडालेल्या माणसाला फारसा नाही. वाऱ्याच्या वरच्या अंगाने गेलात तर नाव त्याच्यावर येऊन आदळेल. म्हणून खालच्या अंगाने, वारा तोंडावर घेत जायचं. वारा स्वतःच नावेचा वेग मारतो आणि दोन-तीन हातांवर ती थांबते. शेवटचं अंतर इंजिन बंद करून वल्ह्याने. उजनीत २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशी या गावांमधली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. मोठ्या जलाशयात वारा लाटांना किती जोर देतो याचा तो भयंकर दाखला आहे. अशा वाऱ्यात माणूस परत मिळवण्याच्या युक्त्या फारशा चालत नाहीत. तेव्हा नाव पाण्यात सोडायचीच नाही.

वैनगंगेसारख्या वाहत्या नदीत हिशोब थोडा बदलतो. प्रवाह नावेला आणि माणसाला सारखाच वाहून नेतो, म्हणून काठावरच्या झाडाची खूण धरून ‘इथेच पडला होता’ म्हणत शोधत बसणं फुकट. तो तिथे नाहीच. प्रवाहाबरोबर खाली उतरा, त्याला गाठून त्याच्याही खाली जा, आणि प्रवाहाकडे तोंड करून वर या.

> नावेत पाय ठेवण्याआधी
>
> नावेचा काठ पाण्यापासून किती वर आहे, ते आधी आलेली मंडळी बसल्यावर बघा. एक वीतही नसेल तर पुढच्या खेपेची वाट पाहा.
>
> नावेत एक लांब दोर, एक बंद रिकामा कॅन आणि पाणी उपसायचं डबडं आहे का, विचारा.
>
> नावेच्या मधोमध पाऊल टाका आणि लगेच बसा. जागा बदलायची असेल तर किनाऱ्यावर येऊन बदला.

वर घ्यायचं कुठून

इथपर्यंत सगळं नीट झालं, तरी खरी कसोटी पुढेच असते. पाण्यात ज्याला एका हाताने धरून ठेवता येतं, तोच माणूस छातीपर्यंत वर काढला की तीस-चाळीस किलोचा होतो आणि ओल्या कपड्यांसकट पूर्ण काढला की सत्तरच्या वर. हे सगळं वजन कडेवरून ओढायचं म्हणजे परातीतला तांब्या सरकवण्यासारखंच. कडेवरून घ्यायचं नाही, टोकावरून घ्यायचं. नावेची रुंदी सव्वा मीटर आणि लांबी पाच; टोकावर भार आला तर नाव पुढे-मागे थोडी झुकते, उलटत नाही. इंजिन मागे असेल तर पुढच्या टोकावरून, नसेल तर ज्या टोकावर पाणी कमी उसळतं तिथून. बाकीचे दुसऱ्या टोकाकडे सरकतात, तेही बसल्या बसल्या.

आधी वल्ह्याचा दांडा किंवा दोर पुढे करा, हात नको. त्याला तो धरू द्या, दोन श्वास घेऊ द्या. माणूस शांत झाला की निम्मं काम तोच करतो. दोराचा एक मोठा फास टोकावरून पाण्यात सोडला तर त्यात पाय रोवून त्याला स्वतःला वर चढता येतं; हातांपेक्षा पायांत जोर जास्त. तो थकलेला असेल तर काखेत दोन्ही बाजूंनी धरून त्याला थोडं खाली दाबायचं आणि पाणी त्याला वर उसळवतं त्या क्षणी ओढायचं.

नाहीच जमलं तर हट्ट धरू नका. काखेखालून दोर घेऊन त्याचं डोकं पाण्याबाहेर राहील असं त्याला टोकाशी बांधा, एकाने डोकं धरा आणि वल्हवत काठाला चला. त्याला वर घेण्याच्या नादात सगळ्यांनी पाण्यात जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

उलटलीच तर

लाकडी नाव उलटली तरी बुडत नाही, पालथी तरंगते. तिला धरून राहा. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं आणि घाबरून पोहणारा दोन-तीन मिनिटांत थकतो. शोधणाऱ्यांनाही सुट्या डोक्यांपेक्षा नाव लवकर दिसते. पत्र्याच्या डोंग्याचं मात्र तसं नाही: त्यात दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे नसतील तर पाणी भरताच तो सरळ तळाला जातो. हे कप्पे वेल्डिंगवाल्याकडून बसवून घेता येतात. सवारी नेणाऱ्या पत्र्याच्या नावेला ते नसणं अक्षम्य म्हणावं लागेल.

काठावर आल्यावर

बुडालेल्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे आपल्याकडे अजून सर्रास चालतं. पोटातून निघणारं पाणी हे पोटातलंच असतं, फुप्फुसातलं नाही; आणि ते काढताना उलटी होऊन उरलासुरला श्वासमार्गही बंद होतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-सहा मिनिटांत इजा सुरू होते, ती मिनिटं या खेळात जातात. श्वास चालू नसेल तर पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्या. हृदयविकाराच्या झटक्यात छाती दाबण्यावर जोर असतो, बुडालेल्यात प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून इथे सुरुवात श्वासाने. मग छातीच्या मधोमध तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास, आणि मदत येईपर्यंत हेच. शुद्धीवर येऊन चहा मागणाऱ्यालाही दवाखान्यात न्यायचंच. फुप्फुसात गेलेलं थोडं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

एकट्याचा नियम

कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. एकटा माणूस नावेतून पडला तर वळून न्यायला कोणीच नसतं. म्हणून असे नाविक अंगाला पट्टा बांधून तो नौकेला अडकवूनच वावरतात. धरणातल्या डोंग्यात माणसाला नावेला बांधणं चुकीचं, कारण नाव उलटली तर तो खाली अडकेल. इथे दोराचं काम लाइफ जॅकेटने आणि बसून राहण्याने करायचं.

मत्स्यसंस्थांना आणि धरणाकाठच्या ग्रामपंचायतींना म्हणून एक विनंती. मृग लागण्याआधीची एक दुपार काढा. अर्धा पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन चालत्या नावेतून पाण्यात टाका, एकाला बोट रोखायला लावा, दुसऱ्याला दोर फेकायला, नावाड्याला वारा तोंडावर घेऊन परत यायला, आणि तो कॅन कोणीही न उठता टोकावरून वर घ्या. गावातली नववी-दहावीची पोरंही जॅकेट बांधून या सरावाला घ्या. सुट्टीच्या दिवशी काठावर सगळ्यात आधी तीच असतात.